कोल्हापूर : अस्सल खाणं शोधायला ॲप सुचवा

अनघा_ठाणे
पुढच्या शनिवार-रविवारी कोल्हापूरला निघालोय. सोबत सासूबाई, पक्क्या शाकाहारी. माणशी ३०० च्या आत जेवण व्हावं. गावातली माणसं जिथे खातात ती ठिकाणं दाखवणारं ॲप आहे का? फुकट असेल तर उत्तम. हॉटेलांची यादी नको, ॲपच हवंय.

रंकाळा_काठ
ॲप कशाला? सरळ मटण ताट घ्या. ५०० च्या वर जाईल, पण रस्सा मागाल तेवढा वाढतात. नाद करायचा नाय.

अनघा_ठाणे
सासूबाई शाकाहारी आहेत हो.

रंकाळा_काठ
मग त्यांना नुसता पांढरा द्या. तिखट नसतोय.

कांदाभजी
अरे बाबा, पांढरा रस्सा मटणाच्या अळणीतच, म्हणजे मटण शिजवलेल्या पाण्यातच करतात! नारळाचं दूध वरून.

नकाशेकाका
गूगल मॅप्स पुरे. फक्त 'रेस्टॉरंट' शोधू नका, देवनागरीत 'खानावळ' टाका. मग रिव्ह्यू नव्यापासून लावा आणि त्यांच्यातच 'अख्खा मसूर' शोधा. सासूबाईंचं काम झालं. फोटोंत भावफलक सापडतो, तारीख तेवढी बघा.

त्रासलेला_डोंबिवलीकर
ताऱ्यांवर जाऊ नका. एका ॲपवर साडेचार तारे बघून 'कोल्हापुरी थाळी' खायला गेलो, तर तांबड्यात रंग आणि साखर. विचारलं तर म्हणे, पाहुण्यांना तिखट झेपत नाही. बिल मात्र झेपायलाच पाहिजे.

टेकप्रेमी
मी परवाच १२ जीबी रॅमवाला फोन घेतला. कुठलंही ॲप पळतं. जुन्या फोनवर नकाशा अडकणारच.

पेठेतला
शाकाहारी म्हणजे मिसळच. फडतरे किंवा बावडा, सकाळीच गाठा. पण तिथे पाव नाही, स्लाइस ब्रेड देतात. ब्रेडबरोबर मिसळ, हे काही पटलं नाही.

रंकाळा_काठ
कट ब्रेडमध्येच मुरतोय. तुमचा पाव नुसता चावत बसायचा. आणि पुण्याच्या पोहेवाल्या मिसळीबद्दल आम्ही कधी बोललो का?

स्वाती_क
गूगल मॅप्स वापरा. नवे रिव्ह्यू बघा.

नकाशेकाका
वर तेच लिहिलंय.

करवीरकन्या
संध्याकाळी गंगावेशीत दूध कट्ट्यावर न्या त्यांना. म्हैस समोरच उभी असते, धार काढून फेसासकट ग्लास हातात देतात. शिवाय खासबागेजवळ राजाभाऊंची भेळ. दोन्ही तुमच्या पैशांत बसतं. आमच्या घरी पाहुणे आले की आधी हेच.

अनघा_ठाणे
सगळ्यांचे आभार. इथे चर्चा चालू असताना नवऱ्याने कुठल्याशा फूड-वॉकच्या ॲपला ४९९ भरून टाकले. परत मिळत नाहीत म्हणे, त्यामुळे आता तेच वापरणार. गंगावेस त्यात नाहीये, पण सासूबाईंनी दूध पिणारच असं जाहीर केलंय.

रंकाळा_काठ
४९९?? थोडे वर घातले असते तर मटण ताट झालं असतं की ओ.