ॲगाथा ख्रिस्तीने रहस्यकथेबाहेर जे लिहिलं ते दुय्यम का मानायचं?

वाचनवेडी: ख्रिस्ती म्हटलं की पॉयरो आणि मिस मार्पल हे तिचे डिटेक्टिव्ह, तिथंच सगळ्यांची गाडी अडते. पण बाईंनी मेरी वेस्टमॅकॉट या टोपणनावाने १९३० ते १९५६ मध्ये सहा कादंबऱ्या लिहिल्यात, डिटेक्टिव्ह वगैरे काही नाही. त्यातली 'ॲबसेंट इन द स्प्रिंग' (१९४४) वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. बगदादहून परत निघालेली जोन वाळवंटातल्या रेस्टहाऊसमध्ये अडकते, पावसामुळे गाडी येत नाही, जवळची पुस्तकं वाचून संपतात, बोलायला कोणी नाही, आणि मग तिला आठवतं की लंडनच्या व्हिक्टोरिया स्टेशनवर तिची गाडी सुटल्यावर नवरा किती हलक्या पावलांनी निघून गेला होता. अख्खा संसार त्या पाठमोऱ्या माणसात दिसतो हो! माझ्या मते ती लेखिका म्हणून इथं सगळ्यात मोठी आहे.

मिलिंद_पुणे: अजिबात पटलं नाही. संसाराच्या कादंबऱ्या लिहिणारे तेव्हाही पुष्कळ होते. तिच्या 'रॉजर ॲक्रॉईड' (१९२६) या रहस्यकादंबरीसारखं वाचकाच्या डोळ्यांदेखत सगळं ठेवून शेवटी हादरवणारं दुसरं कोण लिहीत होतं? आणि ही जोनची कादंबरी तीन दिवसांत लिहिलीये, आत्मचरित्रात स्वतःच सांगते.

वाचनवेडी: तीन दिवसांत लिहिली, पण कित्येक वर्षं डोक्यात होती हेही तिथंच लिहिलंय, अर्धंच का सांगता?

सुखदा: तुम्ही दोघंही नाटक विसरलात. 'माउसट्रॅप' नोव्हेंबर १९५२ पासून लंडनमध्ये चालू आहे, २०२० मध्ये कोरोनाने थांबवलं तेवढंच. शिवाय ख्रिस्ती आपल्या पुरातत्त्वज्ञ नवऱ्याबरोबर इराकमध्ये निमरूद या प्राचीन शहराच्या उत्खननावर जायची, तिथले हस्तिदंती तुकडे तोंडाला लावायच्या क्रीमने साफ करायची. एवढं जगलेली बाई एकाच साच्यात कशी मावेल.

मिलिंद_पुणे: मावायला नको, मान्य. पण नाटकातही खूनच आहे ना! तिची ताकद तिथंच आहे.

वाचनवेडी: शेवट सांगतेय, वाचायची असेल तर इथं थांबा. रहस्यकथेत खरं काय ते शेवटी सगळ्यांसमोर येतं. इथं जोनला एकटीला ते कळतं, नवऱ्याची माफी मागायची असं ठरवून ती घरी येते आणि मागतच नाही, पुन्हा पहिल्यासारखी होते. हे पॉयरोच्या पुस्तकात जमलं नसतं.

मिलिंद_पुणे: हा शेवट जबरदस्त आहे, यावर वाद नाही. पण एका पुस्तकावरून सगळ्यात मोठी म्हणू नका, बाकीच्या पाचांबद्दल बोला आधी.