गर्भपिशवीतल्या गाठी : तुम्ही काय ठरवलंत आणि कशावरून?

सोनोग्राफीचा कागद आता पाठ झालाय. मागच्या भिंतीत 6.2 सेंमीची गाठ, शिवाय दोन बारक्या. वय 43, एक मुलगी, ती यंदा बारावीला. हिमोग्लोबिन 8.4. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना पर्समध्ये जादाची सलवार असते, एवढ्यावरून बायकांना बाकीचं कळेल.

पहिल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मूल झालंय ना? मग काढून टाका पिशवी, कटकट संपली." दुसरे म्हणाले, नुसती गाठ काढू. तिसऱ्यांनी मिरेना, म्हणजे पिशवीत ठेवायची हार्मोनची कॉइल, बसवून सहा महिने बघा म्हणून सांगितलं. तिघंही अनुभवी, तिघंही ठाम, आणि मी होते तिथेच.

म्हणून हा धागा. डॉक्टरांची, दवाखान्यांची नावं नकोत, गोळ्यांचे डोसही नकोत. काय केलंत यापेक्षा कशावरून ठरवलंत ते लिहा. गाठ नेमकी कुठे होती, त्रास कसला होता, कोणता पर्याय तुम्हाला सांगितलाच गेला नाही. पिशवी काढलेल्यांनीही मोकळेपणाने लिहा, इथे कुणी नावं ठेवणार नाही.

नागपूर, 45

तुमच्या 6.2 पुढे माझी गाठ म्हणजे काहीच नाही बाप्पा, 2 सेंमीसुद्धा नव्हती. तरी रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. ती पिशवीच्या आतल्या पोकळीत लोंबत होती. पहिल्या दवाखान्यात आकार बघून "एवढ्याशा गाठीनं इतकं जात नसतं" म्हणत हार्मोनच्या गोळ्या देत राहिले. दुसरीकडे आत सलाइन सोडून सोनोग्राफी केली, तेव्हा ती पडद्यावर मलाही दिसली.

मग हिस्टेरोस्कोपी. खालच्या वाटेनं दुर्बीण घालून गाठ कापून काढली. पोटावर टाका नाही, सकाळी गेली, संध्याकाळी घरी. तुमच्या रिपोर्टवर "टाइप" असा आकडा आहे का बघा, 0 ते 8 असतो. 0 म्हणजे पूर्ण पोकळीत, 3-4 भिंतीत, 7 म्हणजे बाहेरच्या अंगाला देठावर. मोठा आकडा म्हणजे मोठा आजार, असं काही नसतं. तो फक्त जागा सांगतो. पण माझ्या मते सेंमीपेक्षा आधी हाच बघावा.

पुणे, 37

मला मूल हवं होतं, त्यामुळे पिशवी काढण्याचा प्रश्नच नव्हता. गाठी आठ, सगळ्यात मोठी 9 सेंमीची. एक सर्जन दुर्बिणीने करायला तयार होते, दुसऱ्या म्हणाल्या पोट उघडूनच करू. मी उघडून करणं निवडलं. गाठी खूप आणि खोल असल्या की हाताने चाचपून बारक्याही सापडतात आणि भिंत थराथराने नीट शिवता येते, हे त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. दुसरी शंका होती तुकड्यांची. दुर्बिणीने मोठी गाठ बाहेर काढायची तर ती आत तुकडे करून काढतात. गाठीत चुकूनमाकून कॅन्सर दडलेला असेल तर तो पोटात पसरू शकतो, म्हणून 2014 साली अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियामक संस्थेने, इशारा दिला होता. अशी गाठ फार क्वचित निघते, पण दुर्बिणीचा विचार करत असाल तर "तुकडे आत घातलेल्या बंद थैलीत करणार का?" हे विचाराच.

ऑपरेशनआधी गाठी आक्रसाव्यात म्हणून महिन्याला एक इंजेक्शन होतं. पाळी थांबली, हिमोग्लोबिन वर आलं, आणि तिशीतच रजोनिवृत्तीचे झटके सुरू झाले. घाम, चिडचिड, रात्री पंख्यावरून नवऱ्याशी भांडणं. ही इंजेक्शनं फार काळ घेत नाहीत, हाडं ठिसूळ होतात. संमतीपत्रावर "रक्तस्राव न आवरल्यास गर्भाशय काढण्यास संमती" अशी ओळ असते. ती आदल्या रात्री, एकटी असताना वाचू नका.

मुलगा तीन वर्षांचा आहे. टाके भिंतीत खोलवर गेले होते, म्हणून सिझेरियन आधीच ठरलेलं. मागच्या सोनोग्राफीत दोन नव्या गाठी दिसल्या. पुन्हा होऊ शकतात हे सांगितलेलं होतं, त्यामुळे धक्का नाही, पण वैताग आलाच.

डोंबिवली, 41

छोटीशी सूचना. ठरवायच्या आधी मेडिक्लेमची पॉलिसी काढून वाचा. गाठी आणि पिशवीचं ऑपरेशन यांना बहुतेक पॉलिसींत दोन वर्षांची प्रतीक्षा असते. ते कलम मला ॲडमिट व्हायच्या दिवशी काउंटरवर कळलं.

मुंबई, 44

एम्बोलायझेशनबद्दल, म्हणजे गाठीचा रक्तपुरवठा बंद करण्याबद्दल, मला एकाही स्त्रीरोगतज्ज्ञाने सांगितलं नाही. चुलत नणंद रेडिओलॉजीत आहे, तिच्याकडून कळलं. हे काम स्त्रीरोगतज्ज्ञ करतच नाहीत, इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्ट, म्हणजे पडद्यावर बघत नळीने उपचार करणारे डॉक्टर करतात, म्हणून बहुधा आपल्यापर्यंत येत नाही. 1995 साली पॅरिसच्या डॉक्टरांनी पहिल्यांदा प्रसिद्ध केलेली पद्धत, म्हणजे नवीन खूळ नव्हे.

मनगटातून किंवा जांघेतून नळी घालून पिशवीच्या दोन्ही रक्तवाहिन्यांत बारीक कण सोडतात. गाठीचं रक्त तुटतं, ती हळूहळू सुकते. भूल पूर्ण नव्हती, मी जागी होते. पण "टाका नाही म्हणजे त्रास नाही" असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. पहिली रात्र कळांनी गेली, वेदनाशामक पंप लावलेला असूनही. मग काही दिवस कणकण, बरेच दिवस अंगावरून पाणी. गाठ नाहीशी होत नाही, लहान होते, आणि त्यालाही महिने लागतात. माझं जाणं मात्र तिसऱ्या पाळीपासून निम्म्यावर आलं. मूल हवं असेल तर सहसा हा पर्याय देत नाहीत. चाळिशीच्या पुढे यानंतर पाळी कायमची थांबूही शकते. मला चालणार होतं.

लीड्स, 46

इकडे इंग्लंडात सगळं जीपीपासून, म्हणजे फॅमिली डॉक्टरपासून सुरू होतं. इथल्या मार्गदर्शिकेप्रमाणे गाठी 3 सेंमीपेक्षा लहान असतील आणि पोकळी बिघडलेली नसेल तर आधी हार्मोनची कॉइल, म्हणजे तुमची मिरेनाच. माझी पोकळी थोडी वाकडी झालेली होती, तरी बसवली, आणि एका जोरदार पाळीत ती बाहेर पडली. बाथरूममध्ये हातात दोरा घेऊन उभी होते, हसू की रडू. पोकळी वाकडी असली की ती निसटण्याची शक्यता जास्त, हे नंतर नर्सने सांगितलं.

ऑपरेशनची यादी लांब, म्हणून मधल्या काळात रेलुगोलिक्सची एकत्रित गोळी (हार्मोनवर काम करणारी) सुरू केली, रोज एक. इथे ती 2022 पासून सरकारी सेवेत मिळते. पाळी जवळजवळ थांबली. आता ऑपरेशनची तारीख आली तर घ्यावी की नाही, हा नवा प्रश्न आहे. आई फोनवर विचारते, "अगं, फुकट आहे ना, मग करून का घेत नाहीस?"

बीड, 38

मी स्टाफ नर्स आहे. माझी आई ऊसतोडीला जायची. कोयत्यावर, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीमागे, आगाऊ उचल घेतलेली, एक दिवस खाडा झाला तर मुकादम पैसे कापणार. पाळीत फडात बसायला जागा नाही, पाणी नाही. पांढरं जातंय म्हणून तिशीच्या आतच खासगी दवाखान्यात नेली. "पिशवी सडली, कॅन्सर होईल" म्हणले आणि काढली. गाठ होती का, अंडाशयं ठेवली का, काहीच माहीत नाही, कारण घरात कागदच नाही. पन्नाशीच्या आत तिची हाडं दुखायला लागली.

2019 मध्ये सरकारनं नेमलेल्या समितीच्या पाहणीत आमच्या जिल्ह्यातल्या 82 हजारांवर ऊसतोड बायकांपैकी 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्याकडं हा आकडा ऐकून कुणाला नवल वाटलं नाही.

मला 5 सेंमीची गाठ आहे, बाहेरच्या अंगाला. जाणं बेताचं, दुखत नाही. त्याच "कॅन्सर होईल"ची भीती मलाही घातली गेली. या गाठी जवळपास सगळ्या साध्या असतात, हे शिकलेलं असूनसुद्धा पोटात गोळा आलाच. मी काहीच केलं नाही. वर्षाला सोनोग्राफी करते आणि रिपोर्ट फाइलला लावते. तुम्ही काहीही निवडा ताई, पण ऑपरेशनचा कागद आणि काढलेल्या भागाचा तपासणी रिपोर्ट हातात घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नका.

सोलापूर, 52

मी पिशवी काढली आणि मला काडीचाही पश्चात्ताप नाही. शाळेत शिकवते. पोट पाच महिन्यांचं दिसायचं, नव्या पालकांनी अभिनंदनसुद्धा केलं होतं! गाठी मूत्राशयावर दाबत होत्या, दर तासाला वर्ग सोडून पळायचं. गोळ्या झाल्या, लोहाचं सलाइन झालं, पाच वर्षं रेटली. 47 व्या वर्षी ठरवलं. आधी आतल्या अस्तराची बायोप्सी केली. या वयात जास्त जात असेल तर ती करायलाच हवी. अंडाशयं ठेवा, असं मी लिहूनच दिलं. त्यामुळे झटके लगेच आले नाहीत. दुर्बिणीनेच झालं. सहा आठवडे वजन उचलायचं नाही, हे घरातल्यांना डॉक्टरांच्या तोंडून ऐकवा. आपण सांगितलं तर सासूबाईंना आळस वाटतो.

वरच्या बीडच्या बाईंचं वाचून गलबलून आलं. ऑपरेशन तेच, पण मला विचारलं गेलं होतं.

फोंडा, 53

मी नुसती थांबले. पन्नाशी जवळ आली होती, पाळीच्या दिवसांपुरत्या रक्तस्राव कमी करणाऱ्या ट्रानेक्सामिक ॲसिडच्या गोळ्या आणि लोह. पाळी गेली, गाठ आकसली. फक्त सांगून ठेवते, पाळी गेल्यावर गाठ वाढली किंवा पुन्हा रक्त दिसलं तर थांबायचं नाही.

धागाकर्ती

सगळ्यांचे आभार. कागद पुन्हा वाचला, "पोकळी किंचित ढकललेली" अशी ओळ आहे, ती माझ्या नजरेत भरलीच नव्हती. टाइपचा आकडा कुठेच नाही, तो विचारणार. मिरेनावाल्या डॉक्टरांनाही ही ओळ दाखवणार. लोहाचं सलाइन गुरुवारी आहे, ते काहीही ठरलं तरी लागणारच. मुंबईच्या ताई, एम्बोलायझेशनच्या आधी तुमची बायोप्सी केली होती का? आणि एमआरआय?

मुंबई, 44

दोन्ही. एमआरआयशिवाय त्यांनी तारीखच दिली नाही. कुठल्या गाठीला रक्त किती जातं ते त्यात दिसतं, आणि देठावरची असेल तर ते वेगळा विचार करतात. सोनोग्राफीची फिल्म पण घेऊन जा, नुसता रिपोर्ट नको.