जबड्याचा सांधा धुऊन घेतलाय का कुणी?

मदत हवी आहे. बहिणीचं तोंड जेमतेम दोन बोटं उघडतंय, भाकरी दुधात कुस्करून खाते. आधी कानापुढे कट्कट् वाजायचं. आता आवाज बंद, जबडाच अडकलाय. एमआरआयमध्ये सांध्यातली चकती पुढे सरकलेली दिसली. स्प्लिंट (दातांवर बसवायचा साचा), शेक, गोळ्या, सगळं झालं. आता सर्जन आर्थ्रोसेंटेसिस म्हणतायत: दोन सुया घालून सांधा सलाईनने धुवायचा, टाके वगैरे नाहीत. (नातेवाईक थेट ऑपरेशनच करा म्हणतात, ते काही पटत नाही.)

पुण्यात कुणी करून घेतलंय का? नुसती जागा बधिर करून भागलं की पूर्ण भूल दिली? सोबत सांध्याला वंगण देणारं हायलुरोनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन घेतलं असेल तर फरक पडला का? आणि नंतरचे तोंड उघडायचे व्यायाम किती दिवस करावे लागले?