लाबीश: नाटककार की टोळीचा म्होरक्या?

विंगेतला:
युजेन लाबीश (१८१५–१८८८) या फ्रेंच फार्सवाल्याच्या नावावर १७०हून जास्त नाटकं आहेत. एकट्यानं लिहिलेली हाताच्या बोटांवर मोजावीत इतकीच. 'इटालियन गवती हॅट' (१८५१) मार्क-मिशेलबरोबर, 'पेरिशाँसाहेबांचा प्रवास' (१८६०) एद्वार मार्तँबरोबर. आणि १८८०मध्ये फ्रेंच अकादमीत जाऊन बसले एकटे लाबीश! राबले सगळे, शाल एकाला.

तिसरी घंटा:
अहो, त्या काळी पॅरिसात वोदव्हील, म्हणजे हलकीफुलकी विनोदी नाटकं, असंच लिहायचे. जोडीदार बदलत गेले, नाटकाचा तोंडवळा मात्र तोच राहिला. तो कुणाचा?

विंगेतला:
ज्याचं नाव झालं त्याचाच तोंडवळा दिसणार ना.

शेवटची रांग:
वाटणी राहू द्या, हॅटचं नाटक बघा. लग्नाच्याच दिवशी नवरदेव फादिनारचा घोडा एका बाईची गवती हॅट खातो. तिचा नवरा संशयी, त्यामुळे हुबेहूब तशीच हॅट हवी. हा पॅरिसभर धावतोय, मागे अख्खं वऱ्हाड. सासरेबुवांच्या हातात कुंडी, पायात चावणारे बूट आणि तोंडी "जावईबापू, लग्न मोडलं!" शेवटी हॅटचा माग काढत पोचतो तो त्याच बाईच्या घरी: घोड्यानं खाल्ली तीच ती हॅट! आणि बहिऱ्या काकानं आहेरात तशीच हॅट पहिल्याच अंकात आणून ठेवलेली. ही वीण एकानं घातली की दोघांनी, मला काय त्याचं?

नाटकवेडी:
वीण आहे हो, पण माणूस कुठाय? फादिनार नुसता पळतो. मोलिएरच्या 'कंजूष' नाटकात त्या कंजुषाची पैशांची पेटी चोरीला जाते तेव्हा हसतानाही पोटात कालवतं.

तिसरी घंटा:
मग पेरिशाँ वाचा. गाड्यांच्या धंद्यात पैसा केलेला गृहस्थ. स्टेशनवर सामान मोजताना म्हणतो, "बायको सात, मुलगी आठ आणि मी नऊ." तत्त्वज्ञ बर्गसाँनं हास्यावरच्या पुस्तकात (१९००) हे वाक्य उगाच नाही घेतलं. मुलीला मागणी घालणारे दोघे. त्यातला आर्मां डोंगरावर पेरिशाँचा जीव वाचवतो, तर तोच डोळ्यांत खुपायला लागतो. दुसरा, दानिएल, मुद्दाम बर्फाच्या भेगेत पडतो, पेरिशाँ त्याला ओढून काढतो आणि हा लगेच लाडका! असे सासरे मी मांडवात पाहिलेत.

नाटकवेडी:
पेरिशाँ मान्य. पण १७०मध्ये असे किती?

विंगेतला:
आणि त्यात मार्तँ किती?