आजीच्या जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायच्यात, सुरुवात कुठून करू?

माणदेशी_पोरगी
नमस्कार मंडळी. माझी आज्जी (आईची आई) माण तालुक्यात असते, ऐंशीच्या पुढं वय आहे, आई म्हणते तिला ओव्या अगदी शेकड्यानं यायच्या. दिवाळीत गेले तेव्हा मोबाईल समोर धरला नि म्हटलं आज्जे म्हण की, तर दोनच म्हटल्या आणि म्हणाली आता न्हाई आठवत बया, गिरणी आली नि सगळं गेलं. जातं अजून आहे पण परड्यात पडलंय. कुणी असं काम केलंय का? आणि लिहून घेताना शुद्ध करून लिहायचं का ती म्हणते तसंच? खूप मनापासून करायचंय हे, उशीर व्हायला नको.

भोरचा_शेतकरी
ताई पहिलं ते जातं परड्यातनं घरात आणा. खुर्चीत बसवून विचारलं तर कुणालाच आठवत नाही, माझ्या आईचंही तसंच व्हायचं, हात फिरायला लागला की मग आपोआप येतं. खुंटा ढिला असेल तर ठोकून घ्या, टाकी लावणारा (जात्याचा दगड टाचून देणारा) नाही मिळाला तरी हरकत नाही, पसाभर ज्वारी घाला, भरड पडेना का, पीठ कुणाला हवंय. समोर तिच्याच वयाची बाई बसवा, जाऊ नाहीतर शेजारीण. पहिली ओळ घोळवून घोळवून म्हणतात ना, तेवढ्यात दुसरी जुळत असते, आणि एकीनं भावाची ओवी म्हटली की दुसरीला तिच्या भावाची सुचते. नातीसमोर एकटीनं ते होत नाही हो. अडलं तर विषय काढून द्या, माहेर, लेकीचं सासर, पंढरीची वारी, सीतेचा वनवास, आणि तुमच्याकडं तर शिंगणापूरचा महादेव आहेच. मोबाईल जात्याजवळ जमिनीवर ठेवू नका, घरघर आवाजावर चढते, तोंडाच्या उंचीला कशावर तरी ठेवा.

तापीकाठ
म्हणते तसंच लिहा, एक अक्षर बदलू नका. आमच्या खानदेशातल्या बहिणाबाई चौधरी, लिहिता वाचता येत नव्हतं, मुलगा सोपानदेव वगैरे घरच्यांनी गाणी उतरवून ठेवली म्हणून 1951 ला त्या गेल्यावर 1952 मध्ये पुस्तक निघू शकलं. आणि त्यांची बोली तशीच ठेवली म्हणून त्यात त्यांचा आवाज आहे, कुणी पुस्तकी मराठी केली असती तर काय उरलं असतं? आज्जी "न्हाई" म्हणत असेल तर "न्हाई"च लिहायचं.

पुस्तकवेडा
हेमा राईरकर आणि गी प्वातवॉ या संशोधकांचं जात्यावरच्या ओव्यांचं काम जरूर बघा. पुणे जिल्ह्याच्या डोंगरी भागातल्या बायकांसोबत सुरू केलं नि पुढं हजारावर गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. 2017 पासून 'परी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया) वेबसाइटवर त्या येतायत, ऐकायलाही मिळतात, गाणारीचं नाव आणि गाव लिहिलेलं असतं. मला सगळ्यात भिडल्या त्या बीडमधल्या माजलगावच्या बाबासाहेबांवरच्या ओव्या, जात्यावर फक्त देवधर्मच गायचे हा समज तिथं पार मोडतो. एक सांगतो, सासरच्या दुःखाच्या ओव्या पण निघतील, त्या आज्जीला विचारल्याशिवाय यूट्यूबवर टाकू नका, ते ती समोरच्या बाईला सांगत असते, सगळ्या गावाला नाही.

माणदेशी_पोरगी
सगळ्यांचे खूप आभार, दादा ते जावेचं पटलं, धाकटी आज्जी शेजारच्याच घरात असते!! मामाच्या मुलाचं लग्न पण ठरलंय, तेव्हा घाणा भरतील, तेव्हा केलं तर चालेल का?

भोरचा_शेतकरी
चालेल काय, तेव्हा कराच. पण घाण्याच्या ओव्या वेगळ्या, जात्याला हळदकुंकू लावून सवाष्णी हळद दळतात, आधी गणपती, कुलदैवत यांना आवतण नि मग नवऱ्याची हळद. रोजच्या दळणातल्या सुखदुःखाच्या ओव्या तिथं कुणी काढणार नाही, त्यासाठी लग्नाची वाट बघू नका, आधीच एकदा जाऊन दोघींना बसवा. आणि घाण्याच्या वेळी मंडपवाल्याला तेवढा वेळ डीजे बंद ठेवायला सांगून ठेवा, नाहीतर काहीच ऐकू येणार नाही.