स्मरणिकेचा फॉन्ट: देवनागरीचं माप आधी, रोमनचं नंतर

खिळेजुळारी (फोंडा)

आमच्या गावच्या वाचनालयाची स्मरणिका मी लुआलाटेकमध्ये (टेक ह्या अक्षरजुळणीच्या प्रोग्रामचा एक प्रकार, त्यात मजकुराबरोबर आज्ञा लिहून पानं बांधतात) बसवतोय. डेमी आकार, 168 पानं. आठवणी, कविता आणि गोव्यातल्या छपाईवर दोन लांब लेख. त्या लेखांतली पोर्तुगीज नावं आणि उतारे रोमन लिपीतच ठेवलेत. हे काम करता करता माझं एक मत पक्कं झालंय. ज्यांना पटणार नाही त्यांनी जरूर लिहा, छपाईला अजून पंधरा दिवस आहेत.

मत असं की फॉन्टचं कुटुंब आणि आकार दस्तऐवजाच्या माथ्यावर, म्हणजे फाइलच्या सुरुवातीला, एकदाच ठरवायचा, नंतर मजकुरात कुठेही हात लावायचा नाही. आणि ठरवताना देवनागरी आधी बघायची. रोमन तिच्या बेताने लहान करायचा.

पहिल्या प्रुफाच्या वेळी मी नेहमीच्या बुक क्लासला (पानाची सगळी मापं ठरवणारा तयार आराखडा) 12 पॉइंट सांगून मोकळा झालो होतो. 41व्या पानावर एक परिच्छेद डोळ्याला खुपत होता. सात ओळी नीट, मग एक ओळ जरा खाली सरकलेली, पुन्हा तीन नीट. पट्टी लावून बघितलं. सरकलेल्या ओळीत ‘तीर्थीं’ होतं आणि तिच्या वरच्या ओळीत ‘कृतज्ञ’. 12 पॉइंटच्या त्या क्लासात दोन ओळींतलं अंतर 14.5 पॉइंट असतं आणि ते रोमन अक्षरांना पुरेल असं बांधलेलं आहे. आपल्याकडे रफार, वेलांटी आणि अनुस्वार एकाच डोक्यावर बसतात, खाली ऋकार लोंबतो. वरच्या ओळीतलं सगळ्यांत खोल अक्षर आणि खालच्या ओळीतलं सगळ्यांत उंच अक्षर मिळून त्या अंतरात मावलं नाही, की टेक खालची ओळ ढकलतो आणि मध्ये एक पॉइंटची फट सोडतो. ती दोन अक्षरं ओळीच्या दोन टोकांना असली तरी तो हेच करतो. मराठीत अशी जोडी दर पानावर येते, म्हणून सगळं पुस्तक लंगडतं.

मग क्लास बदलला. कोमा नावाच्या संचातला स्क्रबुक क्लास घेतला, कारण तो 10, 11, 12 ह्या तीन आकड्यांवर अडून राहत नाही. मजकूर 13 पॉइंट, ओळीतलं अंतर 19.5. फॉन्टस्पेक ह्या फॉन्ट निवडायच्या पॅकेजच्या सेटमेनफॉन्ट आज्ञेला शोभिका हा देवनागरी फॉन्ट दिला, सोबत स्क्रिप्ट देवनागरी, लँग्वेज मराठी आणि रेंडरर (अक्षरं जोडून मांडणारा भाग) हार्फबझ. स्क्रिप्ट सांगायची राहिली तर जोडाक्षरं फुटतात आणि ‘कि’ची वेलांटी भलत्या बाजूला जाऊन बसते. लँग्वेज मराठी सांगितली तर, फॉन्टात तशी सोय असल्यास, ल आणि श आपल्या वळणाचे येतात. पोर्तुगीजसाठी न्यूफॉन्टफॅमिली आज्ञेने लिबर्टिनस सेरिफ हा रोमन फॉन्ट घेतला, स्केल 0.88, म्हणजे मूळ मापाच्या 0.88 पट. एकाच आकड्यात देवनागरी बहुतेक वेळा रोमनपेक्षा बारीक दिसते, कारण तेवढ्याच चौकटीत तिला वरच्या आणि खालच्या खुणांनाही जागा द्यावी लागते. सगळे मात्र रोमन 12 ठेवून देवनागरी फुगवतात. मी उलटं केलं.

ह्यामागे आणखी एक कारण आहे. गोव्यात छापखाना 1556 मध्ये आला. इथे आलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स ह्यांनी 1608 च्या पत्रात आपल्या वरिष्ठांना कळवलं होतं की इथल्या भाषेतलं पुस्तक इथल्याच लिपीत छापलेलं बघायची त्यांची फार वर्षांची इच्छा आहे. अडचण अक्षरं ओतायच्या साच्यांची होती. युरोपात 24 साच्यांत भागतं, इथे 600 पर्यंत लागतील. शेवटी त्यांचं मराठी ख्रिस्तपुराण 1616 मध्ये रोमन लिपीत छापलं गेलं. साचे नव्हते म्हणून मराठीने रोमनचं माप अंगावर घेतलं. आज साचे आहेत, फुकट आहेत. तरीही आपण सुरुवात रोमनच्या मापापासूनच करतो, हे मला सहन होत नाही.

अक्षरबाय (म्हापसा)

22 वर्षं डीटीपी करते, म्हणून हक्काने लिहिते. तुमचं दुसरं म्हणणं मान्य, पहिलं अजिबात नाही. माथ्यावर एकदा ठरवून पुस्तक होत नाही, पुस्तक पानापानाने होतं. कवितेची ओळ घ्या. 13 मध्ये शेवटचा ‘गेली’ तेवढा खाली पडतो आणि कवीची ओळ मोडते. मी त्या कवितेला 12.6 करते. कुणाला कळत नाही, ओळ अखंड राहते. परिच्छेदाचा एकटा शब्द पुढच्या पानावर गेला तर आधीचं पान केसभर आवळते. ह्याला तुम्ही मजकुरात हात घालणं म्हणता, माझ्या लेखी हेच आमचं काम. शंभर पानांची स्मरणिका असली तर निदान पंधरा ठिकाणी हे लागतंच.

खिळेजुळारी (फोंडा)

ताई, तुमच्या नजरेबद्दल शंका नाही. पण हेच करून मी एकदा हात पोळून घेतलाय. 88व्या पानावरची कविता महिरपी कंसात घालून स्मॉल (अक्षर लहान करायची आज्ञा) केली. अक्षरं लहान झाली, ओळींतलं अंतर जुनंच राहिलं. टेक परिच्छेद संपतो त्या क्षणी जे अंतर चालू असेल ते सगळ्या परिच्छेदाला लावतो आणि माझा कंस परिच्छेद संपायच्या आधीच बंद झाला होता. दुसऱ्या एका ठिकाणी फॉन्टसाइझ ही आकाराची आज्ञा लिहिली आणि ती लागू करणारी सिलेक्टफॉन्ट विसरलो, तिथे काहीच बदललं नाही. पुढे सगळा मजकूर 12 चा 13 केला तेव्हा अशा हाताने घातलेल्या 17 जागा जुन्याच आकड्यावर राहिल्या. त्या शोधण्यात दोन संध्याकाळी गेल्या. कवितेसाठी वेगळं माप हवं तर ‘कविता’ नावाचं एन्व्हायर्नमेंट (ठरलेल्या मापाचा, नाव दिलेला विभाग) करावं आणि माप तिथे एकदाच लिहावं, म्हणजे सगळ्या कविता सारख्या दिसतील. ज्या ओळी मावत नाहीत त्या दुसऱ्या ओळीवर आत सरकवून घ्याव्यात.

अक्षरबाय (म्हापसा)

एका ओळीसाठी सगळ्या कविता लहान करायच्या? म्हणजे मावणाऱ्या वीस कवितांना न मावणाऱ्या एकीची शिक्षा.

शोधार्थी (ताळगाव)

मी मराठीत प्रबंध लिहितोय आणि मला ह्या दोन्ही बाजू चैनीच्या वाटतात. आमच्याकडे लेखी नियम आहे: टाइम्स न्यू रोमन, 12 पॉइंट, दीड अंतर. मराठी प्रबंधालाही हाच. टाइम्स न्यू रोमनमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलेलं नाही. वर्डमध्ये तो फॉन्ट निवडला तरी देवनागरी मजकूर दुसऱ्याच फॉन्टात उमटतो, आणि वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट समजतो म्हणून तिच्या आकाराचा रकाना वेगळा असतो. माझ्या मित्राचा आख्खा प्रबंध त्या रकान्यात 11 राहिल्यामुळे परत आला.

तेव्हा खिळेजुळारी, तुमचं स्केल 0.88 मला वापरता येणार नाही. 12 च्या 0.88 पट म्हणजे 10.56. संदर्भसूचीतली इंग्रजी पुस्तकं 10.56 मध्ये दिसली की तपासणारा म्हणणार, आकार कमी करून पानं वाचवली. लाटेकचा पॉइंट इंचात 72.27 आणि वर्डचा 72, एवढ्या अर्ध्या टक्क्याहून कमी फरकालाही आमच्याकडे कोणी हरकत घेऊ शकतो. दृष्टीला काय चांगलं दिसतं ते ठरवायची मोकळीक स्मरणिकेला असते, प्रबंधाला नसते.

एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूने जाते. दीड अंतराचा नियम मी सेटस्पेस पॅकेजच्या वनहाफस्पेसिंग आज्ञेने पाळतो. 12 पॉइंटच्या क्लासात ते 14.5 ला 1.241 ने गुणतं, म्हणजे ओळीचं अंतर 18 होतं. माझ्या प्रबंधात एकही ओळ ढकललेली नाही. तुमच्या 41व्या पानाचा दोष 12 पॉइंटचा नव्हता, अंतराचा होता.

खिळेजुळारी (फोंडा)

बरोबर आहे, अंतराचाच होता. 13 मी वाचणाऱ्यांच्या वयाकडे बघून घेतला आणि वर दोन्ही कारणं एकत्र करून लिहिलं, ती चूक. पण नियमाबद्दल नाही पटत. जो नियम ज्या लिपीवर चालतच नाही तो तिच्यावर लादला जातो, तेव्हा तो बदलून मागावा. मराठी विभागाने ‘देवनागरी 12, रोमन तिच्या जोडीला दिसेल असा’ एवढं एक वाक्य घालून घेतलं तर पुढच्या मुलांचे प्रबंध परत येणार नाहीत.

शोधार्थी (ताळगाव)

मागणी तुम्ही करा, मी सही करीन. पण माझी जमा करायची तारीख जवळ आली आहे आणि तोवर रोमन 12 च राहील.

लुआप्रेमी (मडगाव)

एकदाच ठरवण्याच्या बाजूने मी आहे. पण तुम्ही ते पुरतं केलेलं नाही. न्यूफॉन्टफॅमिलीने रोमन घेतला म्हणजे प्रत्येक पोर्तुगीज नावापाशी तुम्हाला हाताने आज्ञा लिहावी लागणार. हीच ती मजकुरात हात घालण्याची सवय! लुआलाटेक वापरताय तर बेबल ह्या भाषा सांभाळणाऱ्या पॅकेजला सांगा की अक्षराची लिपी बघून फॉन्ट आपोआप बदल, बेबलप्रोव्हाइडमध्ये ऑनचार नावाची सोय त्यासाठीच आहे. बेबलफॉन्टने दोन भाषांना दोन कुटुंबं लावा आणि मजकूर साधा टाइप करा.

दुसरं, 0.88 आणलात कुठून? फॉन्टस्पेकमध्ये मॅचलोअरकेस आहे. दोन फॉन्टांची उंची मोजून प्रमाण तोच काढतो. डोळ्याने काढलेला आकडा तुमच्या छपाईत ठीक, दुसऱ्याने शोभिकाच्या जागी नोटो सेरिफ देवनागरी घातला की कोलमडेल.

आणि 1608 चं पत्र वाचून मलाही भरून येतं, पण त्यावरून 0.88 सिद्ध होत नाही. रोमन कुटुंबाला मापाचा पाया मानण्यात लिपीचा अपमान नाही. क्लासातली सगळी मापं, तळटीप, मथळे, तक्ते, रोमनवर बेतलेली आहेत. त्या पायाला धक्का दिला की दहा ठिकाणी ठिगळं लावत बसावं लागतं.

खिळेजुळारी (फोंडा)

ऑनचारचं पटलं, आज रात्री करून बघतो. मॅचलोअरकेस मात्र मी आधी करून बघितलं होतं. तो रोमन लहान अक्षरांची उंची जुळवतो. देवनागरी फॉन्टात ती नोंद त्याच्यातल्या रोमन अक्षरांची असते, शिरोरेषेची नसते. मला जुळवायचं होतं शिरोरेषेपासून तळापर्यंतचं अंग. म्हणून ‘नवा’ आणि रोमन लहान ‘एक्स’ शेजारी शेजारी छापून, हाताच्या अंतरावर धरून, चार आकडे बघितले. 0.85 ला रोमन पुटपुटल्यासारखा वाटला, 0.92 ला पान ठिपक्याठिपक्यांनी काळं झालं. फॉन्ट बदलला तर आकडा पुन्हा काढावा लागेल हे मान्य, पण तो एका ओळीत, माथ्यावरच बदलायचा आहे.

ठिगळांचं म्हणाल तर ती तशीही लागतात. 12 च्या नेहमीच्या क्लासात ह्यूज आणि मोठा ह्यूज हे सगळ्यांत मोठे दोन्ही आकार 24.88 च आहेत, म्हणजे वरची पायरी वाढतच नाही. तळटीप 10 वर उतरते, त्या आकारात ‘ष्ट्र’ आणि ‘द्ध्य’ शाई धरतात. रोमनचा पाया आपल्याला पुरत नाही म्हणूनच मी हलवला.

मास्तर (पेडणे)

मला लाटेक येत नाही, प्रुफं मात्र आयुष्यभर तपासली. तुम्ही सगळे आकारावर भांडता आहात आणि जोर द्यायच्या शब्दाचं कोणी बोलत नाही. मागच्या एका स्मरणिकेत पुस्तकांची नावं तिरपी केली होती. देवनागरीला तिरपं वळण परंपरेने नाही, यंत्राने सरळ अक्षर ढकलून वाकवलं होतं. काना आणि वेलांटी एकमेकांवर रेलल्या होत्या. आमच्या पिढीने जोर द्यायचा तर ठळक टाइप, नाही तर एकेरी अवतरण वापरलं.

आणि सकाळी वाचनालयात येणाऱ्यांतले निम्मे सत्तरीच्या पुढचे आहेत. 13 नको, 14 करा. पानं वाढली तर वाढू देत.

खिळेजुळारी (फोंडा)

मास्तर, शोभिकात साधा आणि ठळक एवढेच साचे आहेत. तिरपं मागितलं की तो इशारा देऊन सरळच छापतो, त्यामुळे पहिल्या प्रुफात जोर दिलेले सगळे शब्द साध्या मजकुरात बुडून गेले होते. तिरो देवनागरी मराठी ह्या फॉन्टात उलट, तिरपा साचा आहे पण ठळक नाही. कुटुंब निवडताना आधी कोणकोणते साचे आहेत ते बघायला हवं होतं. आता इटॅलिकफॉन्टच्या जागी मुक्ता फॉन्टचा साधा साचा जोडलाय. शब्द सरळच राहतो, वळण तेवढं बदलतं. तुम्हाला प्रूफ दाखवीन.

14 केले आणि ओळीतलं अंतर 19.5 च ठेवलं, तर हिशोबाने बारा-तेरा पानं वाढतात. कागदाचा खर्च मंडळाला विचारतो.

अक्षरबाय (म्हापसा)

14 केलेत तर आणखी ओळी मोडतील, तेव्हा माझी आठवण काढाल. 88वं पान पाठवा. मी माझ्या पद्धतीने मांडते, तुम्ही तुमच्या. दोन्ही छापून मास्तरांच्या हातात देऊ. कुठलं कोणाचं ते सांगायचं नाही.

खिळेजुळारी (फोंडा)

पाठवतो. कविता साडेचौदा ओळींची आहे, ‘गेली’ धरून.