पुण्यात डेक्कनला बसून खायला चायनीज, काय मागवू?

शनिवारी आईबाबांना घेऊन जायचंय, बाबांना गाडीवरचं लालभडक नको, "खरं चायनीज" हवंय म्हणे. एसी नसला तरी चालेल.

पेठकर: आठनंतर एफसी रोड, जेएम रोड दोन्हीकडे वेटिंग, सातलाच टेबल धरा आणि गाडी नेऊच नका, पार्किंग शोधण्यातच भूक मरते.

सूपवाला: काकांना सांगा, मंचुरियन मुंबईचंच आहे, शेफ नेल्सन वांग यांनी १९७५ च्या सुमारास क्रिकेट क्लबात आलं-लसूण-मिरचीत गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घालून केलं असं म्हणतात. खरंबिरं सोडा, हाका नूडल्स घ्या.

खादाडी: ट्रिपल शेजवान (भात, नूडल्स आणि ग्रेव्ही) एकच मागवा, तिघांना पुरतं, ग्रेव्ही वेगळ्या वाटीत सांगा नाहीतर वरच्या तळलेल्या नूडल्स मऊ पडतात. रंग नको हे ऑर्डर देतानाच बोला.

पेठकर: आणि मंचाव सूप वन बाय टू!